अबोल माणसाच्या कोंबड्या

मार्चातल्या एका सकाळी दिपमाला ओट्यापाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती, तेव्हा मागच्या अंगणातून एका पुरुषाचा आवाज आला. "घाबरलीस का माय? मी आहे ना. इथेच आहे मी." आवाज हलका होता, जरा घोगरा, आणि इतका मायेचा की तिला वाटलं, शेजारच्यांकडे जावई आलेला असेल आणि तो बायकोशी किंवा लेकराशी बोलत असेल. दुसऱ्याचं खाजगी बोलणं कानावर पडलं म्हणून ती थोडी अवघडलीसुद्धा. मग खिडकीची जाळी पुसायचं निमित्त करून तिने बाहेर पाहिलं. एक मांजर भिंतीवरून पलीकडे उतरत होतं. आणि खुराड्यापुढे उकिडवा बसलेला तिचा नवरा, अभिमन, एका ठेंगण्या पांढऱ्या कोंबडीला ओंजळीत धरून तिच्या मानेवरून अंगठा फिरवत होता. "गेलं ते," तो कोंबडीला सांगत होता, "गेलं बरं का. आता नाही येत." दिपमाला जाळीपाशी तशीच उभी राहिली. बोटांना लागलेलं पीठ वाळून ताणायला लागलं तेव्हा ती ओट्याकडे वळली. त्या दिवशी पहिली भाकरी करपली. अभिमन जेवायला बसला, करपलेली बाजू त्याने बोटाने खरवडून ताटाच्या कडेला लावली आणि मुकाट्याने खाल्लं. ती म्हणाली, "भाजी वाढू का?" त्याने ताटावर हात आडवा धरला. एवढंच. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि जेवताना तो हात असाच आडवा यायचा, त्यात रागही नसायचा आणि काही नसायचं.

अबोल माणूस आहे, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्यांदा आपल्या आईला सांगितलं होतं, दोंडाईच्याला, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला गेली तेव्हा. आई, कमलबाई, चुलीपुढे बसून तिचं ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बोलस नही तं काय व्हयनं? मारस का? पेस का? नही ना? तुना बाप बोले तं बठ्ठं गाव आयके." ते खरं होतं. बाप ओरडायला लागला की सगळ्या गावाला ऐकू जायचं. मारत नाही, पीत नाही, पगार आणून हातावर ठेवतो. अभिमन तेव्हा दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होता. आठ तास काटे आणि दिवे बघत बसायचं, कानांत यंत्रांची घरघर. घरी आल्यावर त्याला शांतता हवी असणार, असं तिने स्वतःला समजावलं. मग पुढच्या वर्षांत तिने त्याहून पक्कं काहीतरी शोधून काढलं. काही माणसांना गाण्यातला सूर कळत नाही, जन्मतःच कळत नाही, त्यात त्यांचा दोष नसतो. तसं याच्यात मायेचं बोलणं नाही. आत काहीतरी असेल, पण ते तोंडापर्यंत यायची वाटच नाही. ही गोष्ट एकदा ठरल्यावर तिला बरं वाटलं होतं. ज्याच्याकडे नाहीच त्याच्याकडे मागायचं नसतं. लेक ऋतिका शाळेत जायला लागली, तेव्हा तिलाही वेणी घालता घालता ती हेच सांगायची: पप्पा बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात सगळं असतं बरं. ऋतिका मान हलवायची, वेणी सुटायची, परत घालावी लागायची.

कोंबड्या आल्या त्या त्याच्या निवृत्तीनंतर. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला त्यांनी घर बांधलं होतं, मागे थोडं अंगण ठेवलं होतं. दिपमालाला तिथे मोगरा आणि कढीपत्ता लावायचा होता. अभिमन भुसावळला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी तेराव्याला गेला आणि येताना पुठ्ठ्याच्या खोक्यात एक कोंबडा आणि तीन कोंबड्या घेऊन आला. बँटम म्हणतात त्यांना, तो म्हणाला, याहून मोठ्या होत नाहीत. कबुतराहून थोड्या मोठ्या, पायांवर पिसं, लोकरीचे बूट घातल्यासारखी. विकणारा जीवराम नावाचा माणूस होता. त्याच्याशी अभिमन फोनवर बोलायला लागला, पण ते बोलणं यंत्राच्या दुरुस्तीसारखं असायचं. जाळी केवढ्या भोकांची, भरडा किती जाड, लस कधी. तो शिकाऊ होता आणि शिकाऊ माणसाच्या सगळ्या चुका त्याने केल्या. मोठ्या भोकांची जाळी लावली, आणि एक कोंबडी मांजराने जाळीतूनच पाय धरून अर्धी खाल्ली. घरचा शिळा भात घालत राहिला, तर अंड्यांची टरफलं कागदासारखी पातळ झाली. मग जीवरामच्या सांगण्यावरून तो चुन्याचे खडे आणून कुटायला लागला. कोंबड्यांना लोळायला राख लागते म्हणून त्याने कुठूनतरी लाकडाची राख आणली आणि दिपमालाच्या पिठाच्या चाळणीने चाळली. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये ती वर्षानुवर्षं खिडक्यांवर बसलेली वीज केंद्राची राख पुसत होती. दोरीवरचे कपडे झटकले की राख, पाण्याच्या हंड्यावर राखेची साय. त्याने एकदाही फडकं हातात घेतलं नव्हतं. आता तो बोटांत राख धरून बघत होता, फार जाड तर नाही ना.

तरी मार्चापर्यंत तिला याचं काही वाटलं नव्हतं. रिकाम्या माणसाला काहीतरी नाद हवा, इतकंच. त्या सकाळनंतर मात्र तिचे कान मागच्या अंगणाकडे लागून राहिले. भांडी घासताना ती नळ बारीक करायची. तो सारखा बोलायचा असं नव्हे, पण बोलायचा. पाणी ठेवताना, अंडं उचलताना. "आज रुसली का गं?" "हिला दे की, तूच खाशील का सगळं?" एकदा तो हसला. ते हसू तिच्या ओळखीचं नव्हतं. नातेवाइकांत बसल्यावर तो नाकातून थोडा श्वास सोडायचा, त्यालाच ती त्याचं हसू समजत आली होती. हे गळ्यातून आलेलं होतं, तरुण माणसाचं. तिला वाटलं, घरात कुणी परका राहतो आहे आणि त्याला अभिमनचे कपडे मी धुऊन देते आहे. रात्री शेजारी पडलेला तो नेहमीचाच होता, भिंतीकडे तोंड केलेला. ती त्याच्या पाठीकडे बघत पडायची आणि तो आवाज या पाठीत नेमका कुठे राहतो, याचा विचार करायची.

मग ते खोगीर. कोंबडा दणकट होता आणि पांढऱ्या कोंबडीच्या पाठीवर सारखा चढायचा. त्याच्या नख्यांनी तिच्या पाठीची पिसं उपटली, कातडी लाल झाली. एका दुपारी दिपमाला झोपून उठली तर शिलाई मशीन चालत होतं. अभिमन मशीनवर बसला होता, चष्मा कपाळावर, पुढे तिच्या जुन्या जांभळ्या ब्लाउजचा तुकडा. हातभर कापडातून त्याने तळहाताएवढी झूल कापली होती, कडा दुमडल्या होत्या, दोन्ही बाजूंना पंखांतून अडकवायला इलॅस्टिक लावत होता.

"काय करताय?"

"तिच्या पाठीला. कोंबड्याच्या नख्या लागतात." त्याने दोरा दाताने तोडला. "त्रास होतो तिला."

"तुम्हाला शिवता येतं?"

"आईने शिकवलं होतं."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ऋतिकाच्या शाळेचे झगे, पडदे, गादीच्या खोळी, सगळं तिने त्याच मशीनवर डोळे फुटेस्तोवर शिवलं होतं, आणि मशीनपासून चार हातांवर तो पेपर वाचत बसायचा. पण मनात फिरत राहिली ती दुसरीच गोष्ट. त्रास होतो तिला. हे त्याला कोंबडीच्या पाठीवरून कळलं. लग्नानंतरच्या वर्षांतल्या कितीतरी रात्री, दिवसभराच्या कामाने मोडून पडलेली ती, आणि अंधारात एक शब्दही न बोलता तिच्याकडे वळलेला तो. तिने कधी नको म्हटलं नाही हे खरं. पण तेव्हा दिवा असता आणि त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं, तर. तिने हे पुढे नेलं नाही. तो कोंबडीला मांडीवर घेऊन ती जांभळी झूल तिच्या पंखांखालून अडकवत होता, इलॅस्टिक घट्ट तर नाही ना हे बोट घालून बघत होता. दिपमाला आत जाऊन पुन्हा आडवी झाली, आणि दिवे लागेपर्यंत उठली नाही. तो चहा प्यायला आला नाही की विचारायलाही आला नाही.

वैशाखात पांढरी कोंबडी खुडूक झाली. अंडी घालायची थांबली आणि रिकाम्या टोपलीतच ठाण मांडून बसली. जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरायची. जीवराम फोनवर म्हणाला, एवढ्या उन्हात अंडी बसवू नका भाऊ, पावसाळ्यावर न्या. अभिमनने ऐकलं नाही. आधीची अंडी उन्हाने वाया गेली होती, म्हणून या वेळी त्याने ती माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवून जपली होती. संध्याकाळी तिच्याखाली सरकवली, एकेक करून. ऊन असं होतं की दुपारी नळाचं पाणी हाताला चटके द्यायचं. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकायच्या. एका दुपारी दिपमालाला घामाने जाग आली. खोलीत हवा नव्हती. खिडकीतला कूलर नव्हता. तिने मागे जाऊन पाहिलं, तर तो खुराड्यापुढे स्टुलावर चढवलेला, पाण्याने भरलेला, वाळ्याच्या ताट्या टपटपत होत्या आणि थंड वारा सरळ टोपलीवर जात होता. अभिमन बाजूला पोत्यावर झोपला होता, एक हात खुराड्याच्या दारावर.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "तू झोपली होतीस."

तिने त्याला काही ऐकवलं असतं. पण तो खरंच गोंधळला होता. ती अशी उठून येईल हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. तो कूलर चोरून नेत नव्हता. तिला उकडेल, हा विचार त्याच्या डोक्यातून गेलाच नव्हता, आणि कोंबडीला उकडेल हा गेला होता. ती पंखा लावून फरशीवर जाऊन पडली.

काही दिवसांनी तो अंधार पडल्यावर अंडी बघायला बसला. एकेक अंडं टॉर्चवर धरायचं, आत लाल शिरांचं जाळं दिसलं की जीव आहे. दोन हात पुरेनात म्हणून त्याने तिला हाक मारली आणि ती टॉर्च धरून बसली. अंड्याच्या आत कोळ्याच्या पायांसारख्या बारीक शिरा आणि मधे एक हलणारा ठिपका, हे पाहून तिला आपोआप हसू आलं आणि त्या हसण्याचा लगेच राग आला. एका अंड्यात शिरा नव्हत्या, रक्ताचं एक कडं तेवढं होतं. अभिमनने ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. "हे गेलं," तो म्हणाला. बाकीची त्याने परत कोंबडीखाली ठेवली. ते एक त्याने फेकलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलं, शेवग्याच्या बुंध्याशी खुरपीने खड्डा केला, त्यात ठेवलं, माती लोटली आणि हाताने थापली.

दिपमाला हातात चालू टॉर्च घेऊन तशीच होती. ऋतिका चार वर्षांची असताना ती पुन्हा गरोदर होती. सातव्या महिन्यात, अशाच उन्हाळ्यात, दुपारी कंबरेतून कळ निघाली आणि साडी भिजली. शेजारणीने प्लांटवर फोन लावला. त्याच्या जागी बसायला माणूस येईपर्यंत त्याला उठता आलं नाही. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं, तिथून असं उठता येत नाही हे तिला माहीत होतं. तो भुसावळच्या दवाखान्यात पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बायका म्हणाल्या, बघू नको बाई, बघितलं की डोळ्यांपुढून जात नाही. तिने पाहिलं नाही. मुलगा होता एवढं कळलं. अभिमन खाटेपाशी उभा होता आणि समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. आपण मरतो आहोत असं तिला तेव्हा वाटत होतं आणि कुणीतरी नाही म्हणावं एवढंच हवं होतं. तो पांढऱ्या कापडाचं गाठोडं घेऊन गेला आणि परतला तेव्हा त्याची पँट गुडघ्यांपर्यंत ओली होती, चपलांना गाळ होता. कुठे गेला होतात हे तिने विचारलं नाही. त्याला सांगता येणार नाही, उगाच जड जाईल, असं वाटून विचारलं नाही. तिने त्याला सांभाळलं होतं.

अभिमन अंगणातल्या नळावर हात धूत होता.

"दवाखान्यात मी घाबरले होते," ती म्हणाली. कुठला दवाखाना हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. "तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

पाणी त्याच्या मनगटांवरून वाहत राहिलं.

"दिसलं होतं."

"मग?"

"बोललो असतो तर तू रडली असतीस."

"रडले असते. मग?"

त्याने नळ बंद केला. "मग मला काही सुचलं नसतं," तो म्हणाला. जरा थांबला, अजून काही येतंय का हे तोच बघत असावा. मग म्हणाला, "त्यांचं पाणी बदलायचं राहिलं," आणि खुराड्याकडे गेला.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. राग असता तर बरं झालं असतं. जे त्याच्याकडे नाही त्याबद्दल तिने त्याला माफ केलं होतं, रोज थोडं थोडं, भांडी घासता घासता, इतकी वर्षं. आता कळत होतं की ते त्याच्याकडे होतं. म्हणजे ती माफी चुकीच्या माणसाला गेली. जो आहे त्याला अजून द्यायचीच आहे, पहिल्यापासून, एकेका दिवसाची. आणि तेवढं बळ आता अंगात नव्हतं, इच्छाही नव्हती. दोंडाईच्याला जावं असं एकदा मनात आलं. आई आता थकली होती, भावजयीच्या हाताखाली होती. तिथे जाऊन सांगायचं काय, की नवरा कोंबड्यांशी बोलतो? गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. ती स्वतःही हसली असती, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

पिल्लं निघाली त्या सकाळी अभिमन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि "ये," म्हणाला. एवढंच, पण त्याचा चेहरा लालसर झाला होता. ती गेली. कोंबडीच्या पोटाखालून एक ओलसर डोकं बाहेर आलं, मग दुसरं. तो तोंडाने चुक चुक करत होता, भरडा पाण्यात कालवून बोटावर धरत होता. जांभळी झूल कोंबडीच्या पाठीवर तशीच होती, कडेने उसवलेली. तितक्यात घरात फोन वाजला. पुण्याहून ऋतिकाचा. दिपमाला फोन घेऊन परत मागच्या दारात आली आणि उंबऱ्यावर बसली.

ऋतिका थोडं इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "मम्मी, पियुषच्या घरचे यायचं म्हणतात. पुढच्या महिन्यात. पप्पांना तू सांगशील का?" पियुष तिच्या ऑफिसातला. त्याच्याबद्दल दोघींचं आधी बोलणं झालं होतं.

"कसा आहे तो? स्वभावाने?"

"सांगितलं ना तुला. चांगला आहे. कमी बोलतो."

अंगणात अभिमनची पाठ होती. दिपमालाने आवाज खाली घेतला नाही. "ऋतिका, नीट ऐक. तो बोलतच नाही, की तुझ्याशी बोलत नाही, ते आधी बघ. मग काय ते ठरव."

ऋतिका हसली. "माझ्याशी खूप बोलतो गं. बाहेर गप्प असतो, घरचं माणूस भेटलं की सुरू. पप्पांसारखाच आहे अगदी."

दिपमालाला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "पप्पा कुणाशी बोलायचे?"

"म्हणजे?"

"घरात. पप्पा कुणाशी बोलायचे?"

"माझ्याशी," ऋतिका म्हणाली. आणि मग, जरा हळू, "तू म्हणायचीस ते बोलत नाहीत, तेव्हा मला वाटायचं तू थट्टा करतेस. क्लासला सोडायला यायचे ना स्कूटरवर, दीपनगरहून भुसावळपर्यंत सारखे बोलायचे. त्यांच्या आईचं सांगायचे. रात्री कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजला की किती भीती वाटायची ते सांगायचे. बाळाचंसुद्धा सांगितलं होतं."

"कुठल्या बाळाचं?"

"मम्मी, आपल्या. बारावीत असताना त्यांनी मला ती जागापण दाखवली होती, तापीच्या काठाला. बाभळीचं झाड आहे तिथे. आम्ही दोन-तीनदा गेलो होतो." ऋतिकाने विचारलं, "तुला दाखवली आहे ना त्यांनी?"

उंबरा तापायला लागला होता. फोन कानाला गरम लागत होता. समोर अभिमन वाकून पिल्लांना काहीतरी सांगत होता. शब्द इथवर येत नव्हते, नुसता आवाज येत होता.

"मम्मी? हॅलो?"

"आहे मी," दिपमाला म्हणाली. "कसा दिसत होता, ते सांगितलं का त्यांनी?"

पलीकडे ऋतिकाने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "केस होते म्हणाले. खूप. ओले होते, कपाळाला चिकटलेले."

दिपमालाने फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि मोकळा हात पदराने पुसला.

"अजून काय म्हणाले," ती म्हणाली. "सांग. मी ऐकतेय."